बदनापूरच्या रस्त्यावरचं लक्ष्मीपूजन

आमच्या घराण्यात आजवर एकच लक्ष्मीपूजन भर रस्त्यावर झालंय, आणि ते केवळ माझ्यामुळे. हे मी अभिमानाने सांगते. (बाकीचे कसे सांगतात ते विचारू नका.)

नव्वद साल उलटून गेलं होतं. आमच्याकडे स्कूटर आली होती, फोन आला नव्हता. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नवीन जालन्यात घर बांधलं आणि जाहीर केलं, "यंदा पूजा जालन्याला!" धाकटे दीर बाळूभाऊजी सासू-सासऱ्यांसोबत गावी राहायचे, बदनापूरच्या पलीकडे. ते म्हणाले, "देव गावात हायेत, पूजा गावातच होईल!" झालं! दोघा भावांचं बोलणं बंद.

येणं-जाणं मात्र बंद नव्हतं. भाऊजी बाजाराला जालन्यात आले की जेवायला आमच्याकडेच. दोघं एकाच खोलीत एकमेकांकडे पाठ करून बसायचे, आणि निरोप्याचं काम माझ्याकडे.

"वहिनी, त्यांना सांगा, यायचं तर गावाला या, न्हाई तर बसा म्हणावं इथंच सिमेंट चाटत!"

मी दोन पावलं चालून यांना सांगितलं, "भाऊजी म्हणतात, दादानं एवढं घर बांधलं, बघून ऊर भरून येतो."

हे चिवडा चावायचे थांबले. "असं म्हणला?" मग पुन्हा ताठ होऊन म्हणाले, "त्याला सांग, देव काय त्याच्या एकट्याच्या नावावर हायेत का?"

मी परत दोन पावलं. "भाऊजी, हे म्हणतात, गावच्या देवांसमोर बसल्याशिवाय दिवाळी झाल्यासारखी वाटत न्हाई."

भाऊजींनी नाक ओढलं. हातातली चकली तर तिखट नव्हती!

(एकाच खोलीत बसून त्यांना ऐकू कसं गेलं नाही, असं तुम्ही विचाराल. रुसलेल्या माणसाचे कान बंद असतात आणि आमच्या घराण्यात ते जन्मतःच थोडे जाड आहेत.)

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी हे अचानक म्हणाले, "चल, गावाला! बाळूला न सांगता जाऊ. खूश होईल." मी मनातल्या मनात स्वतःला हार घातला. पोरं, फराळाचे डबे, झेंडूच्या माळा आणि आम्ही दोघं, एवढा संसार स्कूटरवर चढला. बदनापूरला चाक बसलं. पंक्चर काढेपर्यंत एका ट्रॅक्टरने माझ्या नव्या साडीवर धुरळा उडवला. मी मोठ्यांदा म्हणाले, "डोळे फुटले का मेल्याचे!"

गावात पोचलो तर दाराला कुलूप.

शेजारच्या काशीबाई ओट्यावरून ओरडल्या, "आवं, ते समदे तर ट्रॅक्टरमधी बसून तुमच्याकडंच गेले! बाळू म्हणला, दादाला चकित करायचंय. देव बी नेले संगं!"

हे माझ्याकडे बघू लागले. मी झेंडू मोजू लागले.

पुन्हा स्कूटर! तिकडे भाऊजींना आमच्या दाराचं कुलूप दिसलं, शेजाऱ्यांनी "ते गावाला गेले" सांगितलं, आणि ट्रॅक्टर उलटा फिरला. दिवेलागणीला बदनापुरात, त्याच पंक्चरच्या दुकानासमोर, स्कूटर आणि ट्रॅक्टर समोरासमोर! ट्रॉलीत सासरे, आणि मांडीवर देव घेतलेल्या सासूबाई.

"दादा, तूच म्हणला ना, गावच्या देवांशिवाय दिवाळी न्हाई?"

"मी? कधी? अन् माझं घर बघून तुझा ऊर भरून आला, ते?"

"बिलकुल न्हाई! मी तर सिमेंट म्हणलो व्हतो!"

मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाह्यलं. पंक्चरवाल्या चाचांनीही.

"थोडं इकडचं तिकडं झालं असंल," मी म्हणाले.

"मला हादरे बसून बसून पाठ राह्यली न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "आता मी कुठंच येत न्हाई. दिवा इथंच लावा, जल्दी!"

चाचांनी दुकानातलं टेबल पुसून दिलं. देव मांडले, माळा घातल्या. ट्रॅक्टरला कुंकू लागलं, म्हणून स्कूटरलाही लावलं. आरतीत दोघं भाऊ शेजारी उभे राहून एका सुरात बेसूर गायले. जाणारी एसटी हळू झाली आणि खिडक्यांतून माणसांनी हात जोडले. सासूबाईंनी पहिला लाडू माझ्या हातावर ठेवला. "लबाड हाय," त्या भाऊजींना म्हणाल्या, "पण तुम्हा दोघांना एका जागी आणलं तिनंच."

तेव्हापासून दोघा भावांत काही बिनसलं की ते लगेच एकत्र येतात, गुण्यागोविंदाने बोलतात, आणि एकमताने मला आठ दिवस माहेरी पाठवून देतात!