अंगातलं पाणी

"ताई, सोडा की आता! मेंढरं वाट बघत्यात."

यंत्राला जोडून अर्धा तास झालेला नसायचा, तोच मामांची कुरकुर सुरू. मेंढरं तर कधीच विकलेली. पण जन्मभर त्यांच्यामागं हिंडलेला माणूस, एका जागी चार तास पडून राहणार कसा? पांघरुणाखाली पाय सारखे चालू.

मी कराडच्या एका दवाखान्यात डायलिसिसचं यंत्र चालवते. मामा आटपाडीकडून आठवड्यातून दोनदा यायचे. अंगात साठलेलं पाणी यंत्रानं काढतात, हे कळलं त्या दिवशी पोट धरून हसले. "आमच्याकडं पाणी आणाया टँकर, आन् माझ्यातलं काढाया मशिन! लय न्याय हाय."

पाणी बेतानं प्यायचं, एवढं ते पाळायचे. पण धाकट्या लेकीचं लग्न ठरलं आणि सगळाच विचका झाला. आमंत्रण द्यायला गेल्यावर त्या घरचा चहा नाकारायचा नाही, ही त्यांची रीत. मामा अख्खं गाव फिरले आणि धापा टाकत माझ्यापुढं उभे.

"दमा तर न्हवं?"

"दमा कसला! रक्तातलं आम्ल मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं, तर ती बसलीत हात बांधून. मग फुफ्फुसं श्वास वाढवून रक्त ताळ्यावर आणायला बघतात. त्यात हा सगळा चहा त्यांच्यातच जाऊन साठला, तर त्यांनी करायचं काय?"

मामांनी दम खाल्ला. "म्हंजे एका भावानं काम सोडलं, दुसरा मरूस्तवर राबतोय. आमच्या भावकीगत."

मी हसले नाही. "लग्नाच्या आदल्या दिवशी यायचंच. नाहीतर पोरीच्या अक्षता बघायला उरणार नाही तुम्ही," असं तोंडावर सांगितलं.

"येतो की वं."

आले नाहीत. मी फोन लावला.

"ताई, हळद लागलीया. पोरीला हळद लागली की आईबापानं गावची शीव वलांडायची न्हाई आमच्यात." दर दोन शब्दांमागं एक श्वास.

"मामा, रीत गेली खड्ड्यात! गाडीत बसा आधी!"

"उद्या अक्षता पडल्या की आलोच. मशिन तयार ठेवा."

असा संताप आला मला! आजही येतो. रीत पाळायला माणूस जिवंत नको?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यंत्र तयार ठेवलं. हातात काम टिकेना. गाडीचा आवाज आला की खिडकीशी जायचं, परत फिरायचं. शेवटी त्यांची गाडी आली. मागच्या सीटवर मामा आडवे, आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली नवरी. हिरवा चुडा, मुंडावळ्या तशाच. सासरी जायचं सोडून पोर बापाबरोबर आली होती.

डॉक्टर गाडीतच वाकले. नाडी बघितली, डोळे बघितले, आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

पोरीचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं माझा हात घट्ट धरला. "बाबांनी समद्या अक्षता टाकल्या, ताई. मग सोताच म्हणाले, चला कराडला. शीव वलांडून आलोय की आमी. आता लावा मशिन."