कार्डावरचे डॉक्टर

बाबा गेले त्याच आठवड्यात माझे दोन्ही भाऊ पदव्यांवरून भांडले. जमिनीवरून भांडायला आमच्याकडे जमीन नव्हतीच. अकोल्यातलं घर आईच्या नावावर होतं आणि त्यात दोघांनाही रस नव्हता. भांडण झालं ते बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, कार्डावर कोणाच्या नावाआधी काय छापायचं, यावरून.

आमच्या बौद्ध घरांत या कार्डाची साधी रीत आहे. गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' आणि मागे राहिलेल्या सगळ्यांच्या नावाआधी 'आयु.', म्हणजे आयुष्मान. कलेक्टर असो की हमाल, दोघंही आयुष्मान. मला ही रीत लहानपणापासून आवडत आली आहे. माझ्या मोठ्या भावाला ती पुरत नाही, कारण तो प्रा. डॉ. आहे.

त्याची पीएच.डी. मी अगदी जवळून पाहिली, कारण तेव्हा मी अमरावतीला त्याच्याकडे राहून एम.एस्सी. करत होते. गाईडच्या मुलीच्या लग्नात तो पाहुण्यांना बडनेऱ्याच्या स्टेशनवरून आणायला आणि पोचवायला होता. गाईडच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बदलली, तेव्हा प्लंबरसोबत उन्हात तोच उभा. प्रबंध टाइप करणाऱ्या माणसाने दोन प्रकरणं दुसऱ्याच कोणाच्या तरी प्रबंधातून उचलून दिली आणि जिल्ह्याचं नाव बदलायचं एका पानावर विसरला, त्यामुळे अमरावती जिल्ह्यातल्या पंचायत समित्यांच्या अभ्यासात मधेच सोलापूर येऊन गेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी मौखिकीत भावाला विचारलेला मला आठवणारा एकमेव प्रश्न म्हणजे, जेवणानंतर नागपूरसाठी गाडी कोणती सोयीची पडेल. त्या संध्याकाळी भावाने दाराची पाटी बदलली. नव्या पाटीवर पदव्यांनी इतकी जागा घेतली की आडनाव पुढच्या ओळीवर गेलं.

पीएच.डी. माझीही आहे, रसायनशास्त्रातली. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात फिरून विहिरींचं पाणी मी तपासलं. रविवारी बाबांना सुटी असली की ते मला त्यांच्या मोटारसायकलवर गावोगाव न्यायचे, मी मागे बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. त्या दिवसांत मी खूप सुखात होते. प्रबंध झाला, विद्यापीठाच्या कपाटात गेला, आणि त्या विहिरींचं पाणी होतं तसंच खारट राहिलं. मी आता अकोल्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीला शिकवते. तिथे या पदवीची कोणाला गरज नाही, म्हणून मी 'डॉ.' लावत नाही. भावाला वाटतं, मी त्याला हिणवायला म्हणून लावत नाही. तेही अगदीच खोटं नाही.

तर त्या दिवशी दुपारी आम्ही बैठकीत बसलो होतो. भावाने कार्डाचा मजकूर लिहून आणला होता. स्वतःच्या नावाआधी 'प्रा. डॉ.' आणि नावानंतर कंसात एम.ए., एम.फिल., सेट, पीएच.डी. वहिनीच्या नावाआधी 'डॉ. सौ.'. त्यांनी गृहअर्थशास्त्रात कशावर तरी प्रबंध लिहिलाय, कशावर ते त्यांनी मला दोनदा सांगितलंय आणि दोन्ही वेळा ते वेगळं होतं. लहान भाऊ पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने कागद वाचला आणि म्हणाला,

"मग माझ्या नावाआधी इंजि. टाक."

"इंजिनिअर काय, घरोघरी झालेत आता," मोठा म्हणाला.

"अन डॉक्टर? तुझ्या कॉलेजात तर शिपाई सोडून सगळे डॉक्टर आहेत."

मी म्हटलं, "सगळ्यांच्या नावाआधी आयु. लिहा आणि मोकळे व्हा. बाबांचा कार्यक्रम आहे, तुमचा नाही."

मोठ्याने भिंतीकडे बोट दाखवलं. ज्यांच्यामुळे आमच्या घरात पहिल्यांदा पुस्तक आलं, त्यांचा फोटो तिथे आहे, निळ्या कोटातला. "त्यांच्या नावामागे किती पदव्या होत्या, माहीत आहे ना? त्यांनी नाही लपवल्या."

"त्यांनी त्या पदव्यांचं काय केलं, तेही माहीत आहे," मी म्हटलं. "तू काय केलंस? पाटी?"

तो चिडला की जास्तच शुद्ध बोलतो. "तुझ्यातली ही जी कटुता आहे ना, ती नोकरीत पुढे न गेल्यामुळे आलेली आहे."

मी उत्तर देणार होते, पण तेवढ्यात कागदाची वरची ओळ माझ्या नजरेला पडली. बाबांच्या नावाखाली लिहिलं होतं, 'निवृत्त अभियंता, वीज मंडळ'. बाबा लाइनमन होते. लाइनमन म्हणून लागले आणि लाइनमन म्हणूनच निवृत्त झाले.

"हे काय आहे?"

"तांत्रिकदृष्ट्या त्यांचं काम अभियांत्रिकीचंच होतं," भाऊ म्हणाला. "माझे प्राचार्य येणार आहेत, विद्यापीठातले लोक येणार आहेत. जरा बरं दिसतं."

आई आतल्या दारात बसून तांदूळ निवडत होती. आम्हाला वाटत होतं ती ऐकत नाही. ती तिथूनच म्हणाली, "लाइनमन लिही."

"आई, त्यात कमीपणा नाही, पण…"

"कमीपणा नाही तं मंग लिही ना. त्याईच्या संगं खांबावर चढणारे लोकं येतीन जेवाले. अभियंता वाचून हासतीन ते. मेलेल्या माणसाले कायले हासवता?"

भावाने 'अभियंता' खोडलं. मला जिंकल्यासारखं वाटलं. पण आई तेवढ्यावर थांबली नाही.

"बाकी तुमचं जे जे हाये ते सारं लिहा. अन इचं बी लिहा."

"माझं नको," मी म्हटलं.

"काहून नको? लाज वाटते?"

"लाज नाही गं. पण आपल्या घरच्या दुःखाच्या कार्डावर हे डॉक्टर-बिक्टर…"

"हे पाय," आईने सूप बाजूला ठेवलं. "तू कायची डॉक्टर हाये, ते मले आजपावतो समजलं नाही. पण मी साऱ्या गल्लीत सांगून बसली का माही पोरगी डॉक्टर झाली. आता कार्डावर ह्या दोघांच्या नावापुढं दिसन अन तुह्या नावापुढं नाही दिसलं, तं बाया म्हणतीन, बुढी इतके वर्षं खोटं बोलत होती."

आईचा मान शिक्षणाबद्दलच्या कुठल्या थोर विचारावर टांगलेला असता, तर मी वाद घातला असता. तो गल्लीतल्या बायांवर टांगलेला होता. मी हो म्हटलं. माझ्याही नावाआधी 'डॉ.' आलं आणि लहान्याच्या नावाआधी 'इंजि.'. मोठा भाऊ समाधानाने हसला, जणू मी इतकी वर्षं धरलेला संप मिटला होता.

कार्ड छापायला मी आणि लहान भाऊ जठारपेठेतल्या एका प्रेसमध्ये गेलो. प्रेसवाल्याने मजकूर संगणकावर बसवून पाहिला आणि मान हलवली.

"ताई, इतकं नाही मावत. काही तरी कमी करा, नाही तं अक्षर लहान होईन."

लहान्याने मोठ्याला फोन लावला. मोठ्याचं म्हणणं पडलं की पदव्या तशाच ठेवा, फोटो लहान करा. प्रेसवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मला कंटाळा आला होता. बाबांचा फोटो लहान झाला. मग आणखी लहान झाला. छापून आलेल्या कार्डावर बाबा पोस्टाच्या तिकिटाएवढे होते आणि त्यांच्याखाली आमच्या पदव्यांची गर्दी होती. कोणाचं पुण्यानुमोदन आहे, ते शोधावं लागत होतं.

कार्यक्रम वस्तीतल्या विहारात होता. भन्तेजी वेळेवर आले. बाबांच्या सोबतचे लोक आले, नातेवाईक आले, भावाच्या कॉलेजातले लोक गाड्या कुठे लावायच्या यावर चर्चा करत आले. भावाने सूत्रसंचालनासाठी आपलाच एक सहकारी आणला होता. तो माइकवरून प्रत्येक येणाऱ्याचं नाव त्याच्या संपूर्ण शैक्षणिक वाटचालीसह घेत होता आणि खाली सतरंजीवर बसलेले लोक एखाद्या निकालाची घोषणा ऐकावी तसे ऐकत होते.

तेवढ्यात हिवरखेडचे काका आले. हे बाबांचे चुलतभाऊ. मॅट्रिकला दोनदा बसून नापास झाले, मग खत-बियाण्यांचं दुकान टाकलं, ते चांगलं चाललं. अलीकडे त्यांनी कुठल्याशा संस्थेकडून समाजसेवेसाठी मानद डॉक्टरेट घेतली होती. नागपूरच्या एका हॉटेलात काळा गाऊन, चौकोनी टोपी, फोटो, सगळं झालं होतं. त्यांच्या दुकानावर आता 'डॉ.' लिहिलेलं आहे, त्यामुळे शेतकरी पिकाच्या रोगाबद्दल त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवतात, असं ऐकून आहे.

काका थेट फोटोसमोर येऊन उभे राहिले. हातात कार्ड होतं.

"माह्या नावापुढं काय लिहिलं हे?"

"आयु. लिहिलंय काका," मोठा भाऊ म्हणाला. "आपल्या रीतीप्रमाणे."

"रीत? अन तुमच्या नावापुढं रीत नाही का? घरातले सारे डॉक्टर, एक मीच तेवढा आयुष्यमान?"

भाऊ हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमची पदवी मानद आहे. ती नावाआधी लावत नसतात, असा नियम आहे."

"मानद म्हंजे मान देल्ला ना त्याईनं?"

"मान दिला नाही, विकला," भाऊ म्हणाला. हे मात्र त्याने हळू म्हटलं नाही.

काकांचा चेहरा लाल झाला. "लेका, माही विकतची हाये तं तुही कायची हाये? गाईडच्या घरच्या टाक्या कोनं चढवल्या? तुह्या बापानंच सांगतलं होतं मले!"

आणि मग माझ्या भावाची शुद्ध मराठी गळून पडली. "ओ काका, तोंड सांभाळून बोला! मॅट्रिक नापास माणूस मले पीएच.डी. शिकवून राहिला?"

माइक चालू होता. सूत्रसंचालकाचं तोंड उघडंच राहिलं. प्राचार्यांनी छताकडे पाहायला सुरुवात केली. भन्तेजी डोळे मिटून बसले होते, आणि ते खरंच ध्यानात होते की हसू दाबत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन डॉक्टर, एक खरा म्हणवणारा आणि एक खोटा ठरवलेला, हार घातलेल्या फोटोसमोर एकमेकांच्या पदव्या उकरत होते. माझ्या मते त्या क्षणी दोघांची पात्रता अगदी सारखी होती.

आई उठली. "भाऊजी, बसा. भन्तेजी खोळंबले." काका बसले नाहीत. त्यांनी फोटोला हात जोडले, वळले आणि न जेवता निघून गेले. मग त्रिशरण-पंचशील झालं, भन्तेजींची धम्मदेसना झाली, आणि त्यानंतर भावाच्या सहकाऱ्यांनी बाबांवर भाषणं केली. त्यातल्या एकानेही बाबांना कधी पाहिलं नव्हतं. एक जण त्यांना शेवटपर्यंत अभियंता म्हणत राहिला. भावाने आधीच त्याला तसं सांगून ठेवलं असणार.

पावसाळा संपता संपता आई म्हणाली, "चाल, हिवरखेडले जाऊन येऊ. भाऊजी उपाशी गेले होते, ते मले चांगलं वाटत नाही." मला जायचं नव्हतं, पण तिला एकटीला एसटीने कसं सोडणार?

काकांनी आम्हाला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं. सुरुवातीला ते ताठ होते. आई पाणी पिऊन म्हणाली, "डॉक्टरसायेब, राग सोडा आता." त्या एका शब्दाने काका असे उजळले की मला बघवेना. त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र काढून माझ्या हातात दिलं. सोनेरी अक्षरं, मोठा लाल शिक्का, आणि इंग्रजीत 'समाजसेवा' या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं. मी ते वाचून परत दिलं.

"पोरी, तू शिकेल हाये, तुले समजते हे कशी भेटते ते," काका म्हणाले. "पण तुमच्या घरी आलो का मी कोन? दादाच्या घरी सारे प्रोफेसर, डॉक्टर. मी बोललो का तुमी एकमेकांच्या तोंडाकडं पाहता. आता दुकानात कोनी डॉक्टर म्हणलं का बरं वाटते, बस."

मला त्यांची कीव आली. रागही आला, कारण त्या 'डॉ.'च्या भरवशावर पिकाचं औषध घेऊन जाणारी माणसं मला दुकानाच्या पुढच्या भागात दिसत होती. आणि आमच्या घरी ते बोलले की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचो, हेही खरं होतं. काकूंनी पिठलं-भाकरी वाढली, काका स्वतः जेवायला बसले, आईला आणखी वाढा म्हणाले.

परतीच्या एसटीत आईला खिडकीची जागा मिळाली. अडगाव मागे पडल्यावर मी तिला विचारलं, "आई, ती डॉक्टरेट विकतची आहे, हे तुला माहीत आहे ना?"

"माईत हाये."

"मग त्यांना डॉक्टरसाहेब काहून म्हटलं?"

आई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "म्हणायले काय जाते? तुह्या भावाले बी म्हणतोच ना आपण."