सातवा रकाना

शाळेत शिकवत असताना मला एकाच गोष्टीची मनापासून चीड होती: कोरी जागा. उत्तर चुकलं तरी चालेल, पण ‘रिकाम्या जागा भरा’च्या खाली जागा तशीच रिकामी ठेवून कुणी वही पुढे केली, की माझं डोकं फिरायचं. निवृत्त होऊन चिखलीला घरी बसले तरी ते तसंच राहिलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझ्या खोडीपायी मेलं ते दुसरंच कुणी. माझ्या मावसभावाच्या गोठ्यातली गाय मेली.

शहरातल्या काही मंडळींनी जनावरं पाळणाऱ्यांसाठी फोनवर बोलणारा एक सल्लागार बनवायला घेतला होता. माणूस नव्हे, यंत्र. त्याला विचारलेलं कळे, बोलणंही गोड. पण जनावरांची माहिती मात्र त्याने आम्ही भरलेल्या तक्त्यांतूनच घ्यायची, पदरचं काही सांगायचं नाही, अशी त्याला ताकीद होती. गावातल्या जाणत्या माणसांना विचारून हे तक्ते भरायला त्यांना निवृत्त शिक्षक हवे होते. माझ्या दुपारी जाता जात नव्हत्या, म्हणून मी हो म्हटलं.

तक्ता समजावायला आलेल्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. म्हणाल्या, “यंत्राने गाय पाहिलेली नाही, मॅडम. त्याच्यासाठी गाय म्हणजे गायीची बाकीच्यांशी असलेली नाती.” गाय हे जनावर आहे. कडबा हा चारा आहे. जनावर चारा खातं. अशी छोटी छोटी वाक्यं एकमेकांना बांधत जायची. वरच्याला जे लागू, ते खालच्याला आपोआप लागू. हिरवा चारा दुभत्या गायीला चांगला आणि ज्वारी हा चारा, म्हणजे हिरवी ज्वारीही चांगली. कुठे हे मोडत असेल तर तेवढं मुद्दाम लिहायचं. त्यासाठी सातवा रकाना होता: अपवाद.

“तो कोरा राहिला तर?” मी विचारलं.

“तर यंत्र समजेल की आपल्याला माहीत नाही. मग उत्तर न देता डॉक्टरांकडे जा म्हणेल. तुम्ही ‘नाही’ लिहिलंत, तर अपवाद नाहीच असं पक्कं धरून चालेल. फरक लक्षात ठेवा.”

मी मान हलवली. फरक मला कळला होता. मला तो आवडला नव्हता. माहीत नाही हेही एक उत्तर असतं, हे मी आयुष्यभर कुठल्याच पोराकडून ऐकून घेतलं नव्हतं.

माझा मावसभाऊ, दादा, चिखलीजवळच्या उंद्रीला राहतो. जनावर रवंथ कसं करतं एवढं पाहून त्याचं दुखणं सांगणारा माणूस. तीन दिवस मी एसटीने जात होते. बोलणं गोठ्यातच व्हायचं, कारण दादाला दुसरीकडे बसवत नाही. त्या गोठ्यात तेव्हा त्याच्या मुलीची गाय होती. मुलगी पुण्याची नोकरी सोडून परत आलेली. गावाने नावं ठेवायची ती ठेवली. दादाने एक खुंटा तिला मोकळा करून दिला. पहिल्या वेताची गाभण गाय तिने साठवलेल्या पगारातून आणली होती. आधी ही एक, मग चार, असा तिचा बेत. वर्षभरात नाही जमलं तर पुण्याला परत जाईन, असं तिने बापाला कबूल केलं होतं.

सगळे रकाने भराभर भरले. सातव्यापाशी मी विचारलं, “दादा, कोणता चारा खाऊन जनावर मरते?”

त्याने आधी गायीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही घाण बोलले असावे तसा.

“नाई.”

“नाई म्हंजे? मालूम नाई, का तसा चाराच नाई?”

“नाई म्हणतो ना तुले. दुसरं इचार.”

मी वळणदार अक्षरात लिहिलं: नाही.

गोठ्यात जनावरांसमोर मरणाचं बोलायचं नाही, ही मावशीच्या घरची रीत. जनावर ऐकतं आणि मनाला लावून घेतं, असं मावशी म्हणे. मला ती रीत ठाऊक नव्हती अशातला भाग नाही. त्याच गोठ्यात लहानपणी भलतंसलतं बोलल्याबद्दल तिने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. पण हातात कागद आला की मला रीतभात आठवत नाही, फक्त जागा भरायची आठवते.

यंत्र अजून चाचणीतच होतं. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कुणाला देऊ नका, असं बाईंनी बजावलं होतं. मी मात्र कौतुकाने भाचीच्या फोनवर ते घालून दिलं. “तुझ्या बापाचंच डोकं आहे यात,” म्हटलं. शहाणपणा नडतो तो असा.

दिवाळीनंतर ज्वारी कापून झाली. आता शिवारात सगळीकडे सोयाबीनच. ज्वारी दादाकडेही भाकरीपुरती आणि कडब्यापुरती, वावराच्या एका कोपऱ्यात. कापलेल्या ताटांच्या बुडख्यांतून हिरवे फुटवे आले होते. त्या दिवशी दादा परगावी पाहुण्यांकडे गेला होता. पोरीला हिरवं दिसलं. तिने फोनला विचारलं, ज्वारीचे फुटवे गायीला घालू का? फोन म्हणाला, हो, ज्वारी हा चांगला हिरवा चारा आहे. तिने पेंढीभर कापून गायीपुढे टाकले. कोवळ्या फुटव्यांत विष असतं. डॉक्टर येईपर्यंत गाय थरथरत खाली बसली होती, तोंडाला फेस आला होता, आणि त्यांनी पेटी उघडली तेव्हा संपलं होतं. तीन आठवड्यांची कालवड मागे राहिली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. पोरगी ओट्यावर बसली होती. मला पाहून उठली नाही.

“आत्या, मी इचारलं होतं,” ती म्हणाली. “न इचारता नाई घातलं मी.”

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मी दादाकडे वळले.

“दादा, तुले मालूम होतं?”

“शेंबड्या पोराले मालूम असते.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“तू गोठ्यात काऊन इचारलं?”

पस्तीस वर्षं दुसऱ्यांकडून उत्तरं घेतलेली मी, तिथे तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. मग मला रडू आलं. दादा म्हणाला, “चाल.”

गोठा ओलांडून, रस्ता ओलांडून, तो मला पलीकडच्या कडुनिंबाखाली घेऊन गेला. मागे वळून पाहिलं. कालवडीला इथून ऐकू जाणार नाही याची खात्री झाल्यावर म्हणाला, “आता लिह.” आणि जे जे खाऊन, पिऊन, चावून जनावर मरतं ते सगळं त्याने एकदम हळू आवाजात सांगितलं. दोन पानं झाली. “फुटवे वाळवून घातले त काई होत नाई, ते भी लिह,” म्हणाला. जिथे त्यालाही सांगता येईना, तिथे मी प्रथमच जागा कोरी सोडली.

शहरातल्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं, माझ्या ‘नाही’सकट. मग तक्ता दुरुस्त झाला, डॉक्टरांनी तपासला, दादाच्या पानांत आणखी भर पडली.

महिन्याने पुन्हा उंद्रीला गेले. संक्रांतीनंतर पुण्याला जाणार असं भाचीने घरात सांगून टाकलं होतं. ती गोठ्यात कालवडीला बाटलीने दूध पाजत होती, दादा बाजूला बसला होता. मला वाटलं, निदान दुरुस्त झालेलं तरी तिला कळावं. तेवढं सांगून मी थांबायला हवं होतं; पण म्हटलं, विचारून बघ. तिने मांडीवरचा फोन हातात घेतला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“घालू नका,” फोन खणखणीत आवाजात म्हणाला. “ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ल्याने गाय मरू शकते.”

उत्तर बरोबर होतं. सगळंच्या सगळं दादाचं होतं. दादा मात्र गुडघ्यावर पुढे सरकला आणि त्याने दोन्ही हातांनी कालवडीचे कान झाकले.

भाचीने फोन बंद केला. बापाच्या हातांकडे पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “कडुनिंबाखाली चला. आनखी काय काय हाय ते मले तुमीच सांगा.”

दादाने हात काढले नाहीत. “जाऊ,” तो म्हणाला. “आधी इचं पिऊन होऊ दे.”