पिल्लू, कोंबडी आणि काकांचा अंगठा

"मॅडम, मेलेला जिराफ परत कसा येते?"

भोजराजकाका चिडले होते. समोर बसलेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्यांचा मारलेला जिराफ उचलून पुन्हा पटावर ठेवला होता. स्वतःच्या बाजूने.

"नियमच आहे काका," मी म्हणाले. "मारलेला मोहरा मारणाऱ्याचा होतो, मग तो कुठल्याही रिकाम्या घरात ठेवता येतो."

"तुमचा होता, आता माहा झाला," काकू म्हणाल्या.

मी गोंदियात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. म्हणजे आजारानंतर हाताला रोजची कामं पुन्हा शिकवते. काका अर्जुनी मोरगावकडचे, धानाचे शेतकरी. स्ट्रोकनंतर त्यांचा उजवा हात उचलला जायचा, पण अंगठा आणि बोट जुळत नव्हतं. या चिमटीला आम्ही पिंच म्हणतो. शर्टाचं बटण तिनेच लावता येतं. मणी वेचायला दिले तर म्हणाले, "मी का लहान पोट्टा आहो? उद्यापासून येत नाही."

म्हणून मैत्रिणीने दिलेला हा जपानी बुद्धिबळाचा छोटा पट काढला. रुंदीला तीन घरं, लांबीला चार. दोघांकडे सिंह, हत्ती, जिराफ आणि कोंबडीचं पिल्लू. सगळे एकच घर चालतात. जिराफ सरळ किंवा आडवा, हत्ती तिरपा, पिल्लू फक्त पुढे, सिंह कुठेही. सिंह पकडला की डाव संपला. माझी अट एकच, उजव्या हातानेच खेळायचं.

आमचे विभागप्रमुख सर दारातून डोकावले. "ही थेरपी आहे की टाइमपास?"

"सर, थोडं थांबा."

काका मोहरे तळहाताने ढकलतच होते. तेवढ्यात काकूंनी मारलेलं पिल्लू थेट काकांच्या बाजूच्या शेवटच्या ओळीत ठेवलं आणि उलटं केलं. उलट्या बाजूला कोंबडी असते, तिला जास्त चाली.

"हे काऊन पलटवलं?" काका ओरडले.

"शेवटच्या ओळीत गेलं का कोंबडी होते. मॅडमनंच सांगतलं."

"चालत गेलं त होते! वरून टाकलं त पिल्लूच राह्यते. हो का नाही मॅडम?"

काकांचं बरोबर होतं. पण मी मान हलवायच्या आत त्यांनी ती कोंबडी अंगठा आणि बोटात धरली, उचलली आणि पलटवून ठेवली. उजव्या हाताने. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सर आत आले. "काका, परत करून दाखवा."

"काय करून दाखवू?"

काका येत राहिले. वरचं बटण अजून काकूच लावून देतात, बाकीची ते स्वतः लावतात.

आता नवीन पेशंट आला की मी आधी विचारते, घरी तुमचं भांडण कोणाशी होतं? पुढच्या वेळी त्यांना सोबत आणा.