अक्काच्या कॉम्प्युटरमधल्या बाया

अक्काला भेटायलाच निघालो होतो. धुळ्याच्या बसस्टँडवर अमळनेरची गाडी लागली, मी खिडकीशी जागा धरली आणि भाचीचा, सुनंदाचा फोन आला. "मामा, आई गेली..." गाडी सुटली तरी फोन माझ्या कानालाच होता. आता महिना उलटला. लोक येतात, 'किती प्रेमळ बाई' म्हणतात. प्रेमळ होतीच, पण मला माझ्या या थोरल्या बहिणीच्या हट्टाचा जास्त अभिमान आहे.

अक्का मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं हळदीची, लग्नातली, जात्यावरची अहिराणी गाणी गोळा करायचं काम अंगावर घेतलं. एसटीनं खेड्यापाड्यांत जायची, एखाद्या म्हातारीला ओट्यावर बसवून मोबाइलवर गाणं भरून घ्यायची आणि घरच्या कॉम्प्युटरवर हलवायची. त्यातल्या कित्येक जणी पुढे वारल्या. त्यांचे आवाज उरले ते त्या खोक्यातच. दुसरीकडे प्रत काढून ठेवायचं ना तिला सुचलं, ना मला.

आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. हा रिवाज भाऊबंदांनी पेनड्राइव्हलाही लावला. एका लग्नाचे फोटो घरोघर फिरत होते आणि प्रत्येक घर पुढे धाडताना त्यात आपली भर घालत होतं. कुणी बारशाचे फोटो, कुणी कीर्तन, कुणी फुकटातला गेम. अक्कानं हळदीची दोन गाणी घातली. त्या पाहुणचारात व्हायरसही फिरत होता. दुसऱ्या दिवसापासून तिचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, अर्ध्यात काळा पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

तिनं तो रिक्षात घालून स्टेशन गाठलं आणि जळगावच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, बाई. सगळं पुसून नवं टाकतो. गाणी मिळतीलच अशी खात्री नाही." अक्का खुर्ची ओढून बसली. "पुसायचं नाही. न पुसता काय करता येतं ते सांगा. मला घाई नाही." तो बिचारा बाकीची गिऱ्हाइकं सांभाळत सांगत राहिला आणि अक्का न कळलेलं पुन्हा विचारत राहिली. मग मला फोन : चांगल्या कॉम्प्युटरवर व्हायरस काढायचा पेनड्राइव्ह तयार कर आणि घेऊन ये.

मी अमळनेरला गेलो तर तिनं कॉम्प्युटर घरी परत आणून इंटरनेटची वायर आधीच उपसून ठेवली होती. कॉम्प्युटर त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून न चालवता माझ्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. तपासणी मुंगीच्या पावलानं चालली. अक्का खुर्चीवरून हलली नाही, शेवभाजीचं ताट तिथंच मागवलं. शेवटी घाण निघाली, कॉम्प्युटर शहाण्यासारखा सुरू झाला. गाण्यांचं फोल्डर उघडलं आणि ते रिकामं... सगळं गेलं असं वाटून मी म्हणालो,

"अक्का, बठ्ठं गयं."

अक्का पडद्यावर वाकली. डिस्क किती भरली आहे ते पाहिलं आणि म्हणाली, "डिस्क भरेल शे ना? मंग बाया मझारच शेतस. लपेल शेतस, इतलंच."

खरंच बाया आतच होत्या. व्हायरसनं फायली पुसल्या नव्हत्या, लपवल्या होत्या. लपलेलं दाखवायची सोय तिनं शोधून सुरू केली आणि फिकट रंगात एकेक गाणं पडद्यावर आलं. अक्का रडली, मीही रडलो. मग ती, तो लग्नाचा पेनड्राइव्ह जिथे जिथे गेला होता त्या प्रत्येक घरी गेली आणि त्यांचेही कॉम्प्युटर साफ करून आली. दोष कुणालाच दिला नाही.

परवा सुनंदा आणि मी अक्काच्या खोलीत ती गाणी दुसऱ्या डिस्कवर उतरवत बसलो होतो. मी ती कधी सुरुवातीपासून ऐकलीच नव्हती. पहिली फाइल लावली आणि गाण्याच्या आधी अक्काच बोलली, "माय, आधी तुनं नाव सांग. मंग गाव सांग. लाजू नको." दुसरी लावली, तेच. नाव सांगितल्याशिवाय तिनं एकाही बाईला गाऊ दिलं नव्हतं. स्वतःचा आवाज जपायचं तिच्या मनातही आलं नसेल, पण त्या दिवशी ती अडून बसली म्हणून आज तोही होता, प्रत्येक गाण्याच्या आधी.

"मामा, लोक फक्त गाणी मागतात," सुनंदा म्हणाली. "त्यांना ही सुरुवात कापून द्यायची का?"

मी काही बोलायच्या आत तिनंच मान हलवून 'नाही' म्हटलं आणि पुढची फाइल लावली. अक्कानं नाव विचारलं.