भाऊजींची तिसरी रेकॉर्ड

माझे धाकटे दीर एका फार गाजलेल्या बँडमध्ये गात असत, हे आधीच सांगून टाकते. लोकांना त्यांच्याबद्दल तेवढेच ठाऊक असते. बँड सोडल्यावर त्यांनी एकट्याने तीन रेकॉर्डी काढल्या, हे सांगितले की समोरचा म्हणतो, "हो का?" आणि पुन्हा बँडविषयी विचारतो.

त्या बँडचे एक गाणे रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापत असे. आमच्या घरात त्याला 'मोठं गाणं' म्हणत. आरंभी भाऊजी चार ओळी गात. मग की-बोर्डवाला सुरू होई आणि तो थांबेपर्यंत भाऊजी हातात खंजिरी धरून उभे. त्याचे संपले की पुन्हा भाऊजींच्या चार ओळी. माझे यजमान पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत. गाण्यातले त्यांना ओ की ठो कळत नसे. घरी रेकॉर्ड लागली की ते स्वयंपाकघरातून ओरडत, "अरे, तुझा नंबर परत यायच्या आत माझं अंडं उकडून होतंय!" की-बोर्डवाल्याला पेटीमास्तर हे नावही त्यांनीच ठेवले.

भाऊजी हसत. पण एकदा एका मोठ्या कार्यक्रमानंतर आमच्याकडे जेवायला आले आणि घास हातात धरून बसून राहिले.

"वहिनी, मी गायक आहे की खुंटी? खंजिरी टांगायला ठेवलेली?"

"चार भांडी एकत्र आली की आवाज व्हायचाच, भाऊजी."

"आवाज त्यांचा होतो. मी नुसतंच भांडं."

त्यानंतर काही महिन्यांत त्यांनी बँड सोडला. पेटीमास्तरांशी कडाक्याचे भांडण झाले आणि बोलणे तुटले. "माझी म्हणून एक रेकॉर्ड निघाली पाहिजे," ते आम्हाला म्हणाले. "ऐकणाऱ्यानं म्हणावं, हा हाच, दुसरा कुणी नाही. मग मी गप्प बसेन."

पहिल्या रेकॉर्डमध्ये सगळी गाणी छोटी होती. कोणी मध्येच माइक काढून घेईल अशा घाईने ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायले. बँडच्या नावावर ती थोडीफार खपली. ज्यांनी घेतली, त्यांनी विचारले, बाकीचे गाणे कुठे आहे? दुसरीच्या वेळी त्यांनी पट्टीचे वादक बोलावले आणि लांब गाणी केली. वादक बिचारे प्रत्येक वेळी विचारत, "तुमच्या बँडमध्ये हे कसं वाजवायचे? तसंच घेऊ का?" रेकॉर्ड ऐकून आमचे हे प्रामाणिकपणे म्हणाले, "भिंतीपलीकडे तुमचा बँड वाजतोय असं वाटतं." त्यावरून दोघे भाऊ बरेच दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

दुकानात तर दोन्ही रेकॉर्डी बँडच्याच खणात, अगदी मागे ठेवलेल्या असत. मी गेले की त्या उचलून भाऊजींच्या नावाच्या अक्षराखाली लावून येई. पुढच्या खेपेला त्या परत जागच्या जागी. एकदा तिथल्या मुलीने मला पकडलेच. "आजी, लोक तिथेच शोधतात हो," ती म्हणाली. "इकडे कोण बघणार?"

हे गेल्यावर भाऊजी माझ्याकडे मागच्या खोलीत राहायला आले. लग्न केले नव्हते. आता घरही ठेवण्यासारखे राहिले नव्हते. तिथेच त्यांनी तिसरी रेकॉर्ड सुरू केली. कपड्यांच्या कपाटात आवाज घुमत नाही म्हणून यांच्या जुन्या कोटांमध्ये माइक टांगला आणि दारात स्टूल घेऊन बसले. फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद करायचा, आणि गाणे झाल्यावर चालू करायला हटकून विसरायचे. कितीदा तरी दूध नासले.

"भाऊजी, ही रेकॉर्ड होईपर्यंत मी कोरा चहा प्यायचा का?"

"अमर होणार आहात वहिनी. पाठीमागे लिहीन, दूध सौजन्य."

आवाज आता खरवडल्यासारखा निघत असे, पण त्या गाण्यांना तो शोभत होता. यांच्यावर एक गाणे होते, नकाशे काढणाऱ्या माणसाचे. ते ऐकताना मी भांडी घासायची थांबले होते.

फक्त एक होते. चार ओळी गायल्या की ते थांबत. गिटारवरचा हातही थांबे. डोळे मिटून, पायाने ताल धरून बसून राहत. मला पहिल्यांदा वाटले, विसरले. बऱ्याच वेळाने ते अचूक पुढली ओळ उचलत. प्रत्येक गाण्यात असेच.

"इथे काय येणार?" मी विचारले.

"येणार आहे. मला आतून ऐकू येतंय, फक्त हाताला सापडत नाही. ते आलं ना वहिनी, की ही माझी रेकॉर्ड."

त्यांनी दोन-तीन वादक आणून पाहिले. एकाचेही त्यांना पटले नाही. शेवटी इतक्या वर्षांचा मान गिळून त्यांनी पेटीमास्तरांना फोन केला.

पेटीमास्तर आले ते काठी टेकत. मनात मी एक उग्र माणूस धरून बसले होते. हा तर कानात यंत्र घातलेला, पायपुसण्याला अडखळणारा म्हातारा.

"जाड झालास," भाऊजी म्हणाले.

"तू बहिरा नाही झालास अजून? मी झालो. तुझ्या खंजिरीनं."

मी चहा ठेवला. भाऊजींनी नकाशेवाले गाणे लावले. चार ओळी झाल्या आणि ती रिकामी जागा सुरू झाली. पेटीमास्तर मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांची बोटे टेबलाच्या कडेवर हलू लागली. आधी सावकाश, मग भरभर, डावा हात उजव्यावरून पलीकडे. भाऊजींचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. बोटे उतरत उतरत कडेच्या टोकाशी आली, थांबली, आणि त्याच क्षणी भाऊजींचा आवाज सुरू झाला.

"हेच!" भाऊजी ओरडले. "हेच मला ऐकू येत होतं! कसं सुचलं तुला?"

"दुसरं लाव," पेटीमास्तर म्हणाले. दुसऱ्यातही बोटे तशीच चालली, त्याच टोकाशी थांबली, आणि आवाज आला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी हात मांडीवर ठेवून घेतले.

"मला काही सुचलं नाही रे," ते हळू म्हणाले. "हे मोठ्या गाण्यातलं माझंच आहे. तू तेवढाच थांबतोस. सगळ्या गाण्यांत."

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. अंडे उकडायला लागतो तेवढाच तो वेळ होता. मी घरात असून माझ्याही लक्षात आले नव्हते.

"म्हणजे इतकी वर्षं," भाऊजी म्हणाले, "मी तिथेच उभा."

"डोक्यात राख घालून घेऊ नकोस. आम्ही अजून वाजवतो अधूनमधून. एक पोरगा गातो, बरा गातो. तू ये. मोठं गाणं तू म्हण."

"खंजिरी कुणाकडे आहे?"

"त्याच्याकडेच. धरता येत नाही त्याला."

"शिकेल," भाऊजी म्हणाले, आणि चहा न पिताच कप आत ठेवून आले.

जाताना पेटीमास्तरांनी माझा हात धरला. "गाणी चांगली आहेत हो," ते म्हणाले. भाऊजी मागेच उभे होते. त्यांनी ते ऐकले की नाही, मला सांगता येणार नाही.

पुढे भाऊजींनी सगळ्या रिकाम्या जागा कापून टाकल्या. गाणी एवढीएवढीशी उरली. एका गाण्याच्या अखेरीस फ्रिज सुरू झाल्याचा आवाज येतो. त्या दिवशी तो चालू करायचे कधी नव्हे ते त्यांच्या लक्षात राहिले होते. रेकॉर्ड निघाली. तिच्याबद्दल कोणी बरे लिहिले नाही आणि वाईटही नाही. दुकानात ती बँडच्या खणात लागली. मी ती तिथून हलवली नाही.

आता ते कपाटाकडे फिरकत नाहीत. गिटार पलंगाखाली आहे. सकाळी मी भांडी घासते, ते शेजारी उभे राहून पुसतात. कधी नकळत गुणगुणू लागतात, नकाशेवालेच गाणे बहुधा. चार ओळी होतात आणि फडके हातात तसेच राहते. पाय फरशीवर ताल धरतो. मी नळ बंद करते आणि ओल्या हातांनी उभी राहते, त्यांची पुढची ओळ येईपर्यंत. हल्ली ती पुष्कळदा येतच नाही. मग मी नळ सोडते आणि पुढचे ताट त्यांच्या हातात देते.