ड्रमच्या आतून ठकठक

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहा खाली ठेवा. तुम्हाला ठसका लागला तर तोही माझ्याच नावावर जाईल.

मी देवासला चामड्याच्या कारखान्यात माल तपासायला आहे. आपल्या देशातून बूट, पर्सा, जॅकेटं कुठकुठल्या थंड मुलखात जातात ना, त्यातलं थोडं चामडं आमचं. त्या आठवड्यात एका परदेशी गिऱ्हाइकाचा पहिलाच लॉट रंगत होता. फरची किनार लावायच्या बुटांसाठी तपकिरी चामडं. अट एकच, सगळं एका रंगाचं हवं. सेठजींनी बजावलं होतं, "मोघेजी, ये लॉट गया तो पार्टी गई."

चामडं रंगतं ते खोलीएवढ्या लाकडी ड्रममध्ये. आत चामडी आणि रंगाचं पाणी, आणि ड्रम तासन्‌तास गरगर फिरतो. मध्येच थांबवला की डाग पडलेच म्हणून समजा.

दसऱ्याची सुट्टी संपली, त्या दुपारी मी रंगाच्या शेडमध्ये शिरलो. सगळे जेवायला गेलेले. बाहेर रणरणतं ऊन, आत अंधार आणि ओल्या कातड्याचा वास. ड्रम एकटाच फिरत होता.

ठक.

मी थबकलो. ठक. ठक-ठक.

आवाज ड्रमच्या आतून! अहो, चामडं कधी ठकठक करतं का? कुणीतरी आतून दार वाजवावं, तसं चाललं होतं.

आणि ड्रमच्या तोंडाशी चपला. ड्रम चालवणाऱ्या आमच्या गोपाळच्या, नीट जोडून ठेवलेल्या. ड्रम धुवायला माणूस आत उतरतो, हे मला ठाऊक. घाईघाईनं त्याला फोन लावला. रिंग माझ्या पाठीमागेच वाजली. खिळ्याला अडकवलेल्या त्याच्या शर्टात!

लॉट वाचवू की माणूस? बटण दाबलं. ड्रम घरघरत, हेलकावे खात थांबला. मी फळीला कान लावला. "गोपाळ, आहेस का रे?"

आतून हळूच उत्तर आलं. ठक.

मग कसला धीर! तोटी उघडली, तर रक्तासारखं लालसर तपकिरी पाणी माझ्या पायांवरून वाहू लागलं. मी रामरक्षा म्हणत होतो आणि मधे मधे "बचाओ!" ओरडत होतो.

सगळे धावत आले. पुढे सेठजी. "किसने रोका ड्रम?"

"सेठजी, गोपाल अंदर है!"

"कंई हुयो भिया?" मागून आवाज आला. हातात अर्धी पोळी घेऊन गोपाळ उभा!

"अरे, तुझ्या चपला?"

"गमबूट पेने हैं भिया, तो चप्पल इधर! और गरमी में शर्ट उधर!"

माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच मनात आलं, मग आत कोण आहे?

सेठजीसुद्धा दोन पावलं मागे सरले. शेवटी गोपाळनंच दार उघडलं आणि एकेक ओलं कातडं बाहेर ओढायला लागला. तेवढ्यात अंधारातून काहीतरी गोल, केसाळ गडगडत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं.

"मुंडी!" कुणीतरी किंचाळलं.

मुंडी कसली! शेंडी होती, शेंडीला मोळी, म्हणजे पूजेचा लाल धागा, बांधलेली होती. नारळ! आणि तो कुणाचा, हे सगळ्यांच्या आधी मी ओळखलं.

खंडेनवमीला आमच्या घरी कामाच्या हत्यारांची पूजा चुकत नाही. 'लॉट नीट पार पडू दे रे देवा' म्हणून मीच ड्रमला हळदकुंकू वाहिलं होतं. फोडायला कोयता सापडेना, आवारात माकडांचा सुळसुळाट. तेव्हा नारळ सुरक्षित राहावा म्हणून मीच तो रिकाम्या ड्रममध्ये ठेवला. मग पेढे आले आणि मी नारळ साफ विसरलो! सुट्टीनंतर कातडी भरली ती त्याच्यावरच.

चामड्यावर डागच डाग. पार्टी गेली. लाज अशी वाटली की त्या ड्रममध्येच जाऊन बसावं.

सेठजींनी शांतपणे नारळ उचलून माझ्या हातात दिला. "मोघेजी, चेक करो. पास कि फेल?"

काय करणार, नोकरी आहे! उजेडात धरून फिरवून पाहिला. शेंडीपासून बुडापर्यंत एकसारखा तपकिरी, कुठे डाग नाही.

अख्ख्या लॉटमध्ये मी पास केलेला नग तेवढा एकच.